वॉर्डातून संशोधन उभे करताना: परिचर्या विभागात संशोधनक्षमता घडवण्याची कार्यपद्धती

नर्सिंग महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एम.एस्सी.च्या प्रबंधांचे एक कपाट असते. त्यातील बरेच प्रबंध एकाच साच्यातले निघतात: एखाद्या विषयावर संरचित अध्यापन कार्यक्रम घ्यायचा, त्याआधी आणि त्यानंतर तीच प्रश्नावली भरून घ्यायची व ज्ञानात लक्षणीय वाढ झाली असा निष्कर्ष मांडायचा. शिकवल्यावर लगेच विचारले तर उत्तरे अधिक बरोबर येणारच. या कामातून विद्यार्थिनीला संशोधनाच्या पायऱ्या कळतात हे खरे, आणि ठरावीक मुदतीत पदवी पूर्ण करायची असताना हा साचा का निवडला जातो हेही समजण्यासारखे आहे. परंतु शेजारच्या रुग्णालयातील एकाही रुग्णाच्या शुश्रूषेत त्यामुळे फरक पडतोच असे नाही, आणि पदवी घेऊन नोकरीला लागलेली परिचारिका पुन्हा एखाद्या प्रश्नाच्या मागे लागेल याचीही खात्री नसते.

संशोधनक्षमता विभागाच्या रोजच्या कामकाजात, आणि विशेषतः ड्युटीच्या तक्त्यात, उतरली तरच ती टिकते, या समजुतीवर पुढील मांडणी केली आहे. ती प्रामुख्याने शासकीय, महापालिकेच्या आणि धर्मादाय रुग्णालयांतील अधिसेविका (मेट्रन), पाठ्यनिर्देशिका (ट्यूटर) आणि परिसेविका (वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर) यांच्यासाठी आहे. पहिले आवर्तन पूर्ण व्हायला साधारण दीड वर्ष लागेल असे धरून चालावे. सोयीसाठी सगळीकडे एकच उदाहरण घेतले आहे: शिरेत बसवलेल्या इंट्राकॅथमुळे (सलाईन व औषधे देण्यासाठीची बारीक नळी; पुढे तिलाच ‘सुई’ही म्हटले आहे) होणारा शिरेचा दाह, म्हणजे फ्लेबायटिस. हा त्रास जवळजवळ प्रत्येक वॉर्डात दिसतो, त्याकडे लक्ष ठेवणे हे सर्वस्वी परिचारिकेचे काम आहे आणि तो मोजता येतो.

पहिली पायरी: आपल्याकडे काय आहे ते पाहणे

सुरुवातीला एका पानाची पाहणी पुरे. विभागात एम.एस्सी. झालेल्या किती जणी आहेत, त्यांपैकी किती जणी सध्या रुग्णसेवेत आहेत, संस्थेत नोंदणीकृत नीतिसमिती (संशोधन नैतिकदृष्ट्या योग्य आहे का ते तपासून परवानगी देणारी समिती) आहे का, जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) विभागात संख्याशास्त्रज्ञ आहे का, आणि वॉर्डातील कोणती रजिस्टरे खरोखर नियमित भरली जातात, एवढे लिहून काढावे. शेवटचा मुद्दा प्रामाणिकपणे तपासावा. महिनाअखेरीस एका बैठकीत, एकाच पेनने भरलेले रजिस्टर पाहणाऱ्याला लगेच ओळखू येते, आणि त्यावर उभारलेला अभ्यास पहिल्याच प्रश्नाला कोसळतो.

दुसरी पायरी: गट आणि वेळ

बहुतेक प्रयत्न इथेच फसतात, म्हणून इथे थोडे थांबावे लागेल. रूढ पद्धत अशी की दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायची, बाहेरचे तज्ज्ञ बोलवायचे, प्रमाणपत्रे वाटायची आणि समूहछायाचित्र काढायचे. कार्यशाळेत शिकलेले कौशल्य महिनाभरात वापरले गेले नाही तर विसरले जाते. त्यामुळे प्रशिक्षण आधी आणि काम नंतर, हा क्रम उलटा करून काम हाती घ्यावे आणि त्या त्या पायरीला लागेल तेवढेच प्रशिक्षण द्यावे, असे माझे मत आहे. नमुनासंख्या, म्हणजे अभ्यासात किती नोंदी घ्यायच्या, हे ठरवण्याच्या आठवड्यात ती शिकवली की ती डोक्यात राहते.

गट पाच जणांचा असावा. त्यात एक पाठ्यनिर्देशिका किंवा एम.एस्सी. झालेली परिचारिका, एक परिसेविका, रोजच्या पाळीत काम करणाऱ्या दोन अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) किंवा ब्रदर (पुरुष परिचारक) आणि संसर्ग नियंत्रणाचे काम पाहणारी एक सिस्टर असावी. पाचही जणी एकाच वॉर्डातील असू नयेत, कारण एका वॉर्डात ताण वाढला की सगळा गट एकदम बंद पडतो. पदवी जास्त असलेलीने गटप्रमुख व्हावे असा नियम नाही. वॉर्डात जिच्या शब्दाला वजन आहे तिला हे काम अधिक जमते.

वेळेचा हिशोब आकड्यांत मांडून अधिसेविकांसमोर ठेवावा. पाच जणींना आठवड्यातून प्रत्येकी तीन तास मिळाले तर ते १५ तास होतात, म्हणजे आठ तासांच्या दोन ड्युट्यांपेक्षा थोडे कमी. मागणी एवढी नेमकी असली की तिचा विचार होतो. ‘संशोधनासाठी प्रोत्साहन द्यावे’ अशा अर्जावर फक्त शेरा मिळतो. हे तीन तास ड्युटीच्या तक्त्यात वेगळ्या खुणेने लिहिले गेले पाहिजेत आणि त्यासाठी अधिसेविकांचे लेखी आदेश हवेत. ओव्हर दिल्यानंतर (पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सोपवल्यावर) थांबून, सुट्टीच्या दिवशी येऊन किंवा रात्रपाळी उतरल्यावर बसून केलेले काम दोन-तीन महिने चालते, मग एखादीच्या घरी आजारपण निघते आणि गट विरतो. मनुष्यबळ कमी असताना दोन ड्युट्या सोडणे अवघड आहे, हे मान्य. त्यावर उपाय म्हणजे गट लहान करावा, पण वेळ ड्युटीतलाच घ्यावा. तीन जणींना नियमित मिळणारे नऊ तास हे पाच जणींच्या कागदोपत्री १५ तासांपेक्षा मोलाचे असतात.

तिसरी पायरी: प्रश्न शोधणे

ओव्हरच्या टेबलावर एक साधी वही ठेवावी आणि ‘हे आपण असे का करतो?’ असा प्रश्न पडला की तो कोणीही तिथे लिहावा. नाव लिहिण्याची सक्ती नको. मावशी आणि मामांनाही (वॉर्डातील मदतनीस कर्मचाऱ्यांनाही) प्रश्न सांगू द्यावेत. बेडपॅन, चादरी आणि रुग्णाला कुशीवर वळवणे यांविषयी त्यांना जे दिसते ते इतरांना दिसत नाही. महिन्याभरात वहीत बऱ्याच नोंदी होतात. त्यांपैकी पुष्कळ तक्रारी असतात, आणि त्यात वावगे काही नाही, कारण तक्रारीतूनच प्रश्न निघतो. ‘रात्री सलाईन बाहेर जाऊन हात सुजतो आणि सकाळच्या राउंडला बोलणी आम्हाला खावी लागतात’ ही तक्रार आहे. ‘आपल्या वॉर्डात इंट्राकॅथ बसवल्यापासून किती तासांनी दाह सुरू होतो, आणि रात्रपाळीत दर चार तासांनी पाहणी नोंदवली तर तो लवकर लक्षात येतो का?’ हा प्रश्न झाला.

निवड करताना चार गोष्टी पाहाव्यात: त्रास वारंवार होतो का, तो मोजता येतो का, उत्तर मिळाल्यावर बदल करणे परिचर्या विभागाच्या अधिकारात आहे का, आणि सहा महिन्यांत पुरेसे रुग्ण मिळतील का. तिसऱ्या कसोटीवर बरेच प्रश्न गळतात. अँटिबायोटिक कोणते द्यावे हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी त्याचे उत्तर अमलात आणणे आपल्या हाती नसते.

परिचारिकांची कामाची परिस्थिती हाही संशोधनाचा विषय आहे, हे इथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका परिचारिकेकडे शस्त्रक्रियेचा एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली त्यांना आढळली. मनुष्यबळाच्या मागणीला जगभर त्या आकड्याने आधार दिला. मात्र नव्या गटाने पहिलाच अभ्यास मनुष्यबळावर घेऊ नये. प्रशासनाशी वाद सुरू होतो आणि शिकणे बाजूला राहते.

चौथी पायरी: आधीचे ज्ञान वाचणे

पबमेड (वैद्यकीय लेखांची ऑनलाइन सूची) आणि कोक्रेन ग्रंथालय (अनेक अभ्यासांचे एकत्रित आढावे) यांपासून सुरुवात करावी. पबमेडवर लेखांचे सारांश मोफत वाचता येतात. शासकीय उच्च शिक्षण संस्थांसाठी १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना सुरू झाली असून तिच्यातून हजारो नियतकालिके खुली झाली आहेत. संलग्न महाविद्यालय त्यात आहे का, ते ग्रंथपालांना विचारावे. दर आठवड्याला एकच लेख, पाचही जणींनी वाचून आणलेला, एवढे पुरे. पहिले काही आठवडे इंग्रजी जड जाईल, म्हणून चर्चा मराठीतच करावी.

आपल्या उदाहरणात वाचनाने प्रश्नच बदलतो. इंट्राकॅथ ठरावीक तासांनी बदलायची, ही पद्धत अनेक रुग्णालयांत वर्षानुवर्षे चालत आली. ऑस्ट्रेलियातील क्लेअर रिकार्ड या परिचर्या-संशोधिकेच्या गटाने ३,२८३ रुग्णांचा यादृच्छिक अभ्यास (कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवून) करून तो २०१२ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. ठरावीक वेळेने सुई बदललेल्या आणि गरज भासेल तेव्हाच बदललेल्या, अशा दोन्ही गटांत फ्लेबायटिसचे प्रमाण सुमारे ७ टक्केच निघाले. याचा अर्थ नेहमीचा बदल टाळला तर रुग्णाच्या टोचण्या वाचतात आणि सामानही वाचते.

पण हा निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येत नाही, आणि संशोधनक्षमता म्हणजे काय ते इथे दिसते. ‘गरज भासेल तेव्हा बदलणे’ या पद्धतीत कोणीतरी ती जागा वारंवार, नीट पाहते असे गृहीत धरलेले असते. ज्या वॉर्डात रात्री एकाच सिस्टरकडे सगळे रुग्ण असतात, तिथे हे गृहीतक टिकते का? म्हणून आपल्या गटाचा पहिला अभ्यास सुई कधी बदलावी याचा नसून ती किती वेळा पाहिली जाते आणि पाहिलेले लिहिले जाते का याचा असायला हवा.

पाचवी पायरी: मोजमाप ठरवणे

नवशिक्या गटाचा सर्वाधिक वेळ या पायरीवर खर्च व्हावा. फ्लेबायटिस म्हणजे नेमके काय, हे आधी लिहून काढावे लागते. त्यासाठी व्ही.आय.पी. (व्हिज्युअल इन्फ्युजन फ्लेबायटिस) गुणपद्धती वापरात आहे. शून्य गुण म्हणजे जागा निरोगी. सुईजवळ किंचित दुखणे किंवा किंचित लाली असेल तर १. दुखणे, लाली आणि सूज यांपैकी दोन लक्षणे स्पष्ट असतील तर २, आणि याच टप्प्यावर सुई काढून दुसरीकडे लावायची असते. शिरेच्या मार्गावर दुखणे, लाली आणि कडकपणा आला की ३, शीर दोरीसारखी हाताला लागली की ४ आणि त्याच्या जोडीला ताप आला की ५.

कागदावर हे सोपे वाटते. वॉर्डात मात्र सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, चिकटपट्टीखालचा भाग झाकलेला असतो आणि अर्धवट शुद्धीतील रुग्ण दुखते म्हणून सांगत नाही. म्हणून गटाने आपली टिपणे जोडावीत: ट्यूबलाइटखाली न पाहता खिडकीजवळ किंवा टॉर्चने पाहावे, दुसऱ्या हाताच्या त्याच जागेशी तुलना करावी, बोटाच्या मागच्या बाजूने उष्णता पाहावी, शिरेवरून वरच्या दिशेने हलकेच बोट फिरवावे. हे टिपण एका पानावर लिहून सगळ्यांना सारखे शिकवावे.

मग दोघींचे मोजमाप जुळते का, ते पाहावे. दोन सिस्टरनी एकमेकींना न सांगता त्याच ५० जागा तपासल्या असे समजा. दोघींनीही १० जागी फ्लेबायटिस आहे असे नोंदवले, दोघींनीही ३४ जागी नाही असे नोंदवले, दोन जागी फक्त पहिलीने ‘आहे’ म्हटले आणि चार जागी फक्त दुसरीने. म्हणजे ५० पैकी ४४ वेळा, ८८ टक्के, एकमत झाले. पण बहुतेक जागा निरोगी असतात तेव्हा डोळे मिटून ‘नाही’ लिहीत गेले तरी बरेच एकमत होते, म्हणून योगायोगाने होणारे एकमत वजा करावे लागते. पहिलीने एकूण १२ आणि दुसरीने १४ जागी ‘आहे’ म्हटले; त्यावरून योगायोगाचे एकमत (१२ × १४ + ३८ × ३६) ÷ २५०० = ०.६१ येते. उरलेल्यातून हिशोब केला की कॅप्पा नावाचा निर्देशांक सुमारे ०.६९ निघतो. हे बरे आहे, पण उत्तम नाही. ज्या सहा जागांवर मतभेद झाले त्यांची चर्चा करावी, टिपण सुधारावे आणि पुन्हा ५० जागा तपासाव्यात. या चर्चेत परिचारिका जे शिकतात ते कोणत्याही व्याख्यानात मिळत नाही.

प्रमाण कशाच्या भागाकाराने काढायचे, हेही आधीच ठरवावे. दोन वॉर्डांत महिन्याला प्रत्येकी १२० इंट्राकॅथ बसल्या आणि प्रत्येकी २४ ठिकाणी दाह झाला, तर दोन्हीकडे प्रमाण २० टक्के. पण पहिल्या वॉर्डात त्या सुया मिळून ३०० दिवस राहिल्या आणि दुसऱ्यात ४८० दिवस, तर दर हजार सुई-दिवसांमागे पहिल्याचे प्रमाण ८० आणि दुसऱ्याचे ५० होते. टक्केवारीत सारखे दिसणारे दोन वॉर्ड प्रत्यक्षात सारखे नाहीत. सुई बसवल्याची आणि काढल्याची तारीख व वेळ नोंदवली नसेल तर हा हिशोब करताच येत नाही, आणि काढल्याची वेळ हीच नोंद सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

सहावी पायरी: नमुनासंख्या आणि संख्याशास्त्र

दर वर्षी १२ मे रोजी, परिचारिका दिनी, रुग्णालयांत दीपप्रज्वलन होते आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सेवाभावावर भाषणे होतात. त्याच नाइटिंगेल १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेच्या पहिल्या स्त्री सदस्य झाल्या आणि क्रिमियन युद्धातील सैनिकांचे मृत्यू जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक झाले हे त्यांनी आकृत्यांतून सरकारच्या गळी उतरवले, याचा उल्लेख त्या भाषणांत क्वचितच येतो. संख्याशास्त्र हा डॉक्टरांचा प्रांत आहे, या समजुतीला परिचर्येच्या इतिहासात काहीच आधार नाही.

एखाद्या त्रासाचे प्रमाण काढायचे असेल तर नमुनासंख्येचे सूत्र साधे आहे: ३.८४ (९५ टक्के खात्रीसाठीचा ठरलेला आकडा) गुणिले प्रमाण, गुणिले एक वजा प्रमाण, भागिले चालण्याजोग्या चुकीचा वर्ग. प्रमाण अंदाजे ३० टक्के असेल आणि उत्तर ५ टक्क्यांनी पुढेमागे चालणार असेल, तर ३.८४ × ०.३ × ०.७ ÷ ०.००२५, म्हणजे सुमारे ३२३ सुया लागतात. १० टक्क्यांची ढिलाई चालणार असेल तर ८१ पुरतात. नोंदी अपुऱ्या राहण्याची शक्यता धरून १० टक्के भर घातली की ३२३ चे ३५६ होतात. एकाच रुग्णाला तीन सुया लागल्या असतील तर त्या तीन स्वतंत्र नोंदी मानता येत नाहीत. त्यासाठी प्रत्येक रुग्णाची पहिली सुईच घ्यावी, हा सोपा मार्ग. दोन गटांची तुलना करायची असेल तर सूत्र बदलते, आणि तिथे संख्याशास्त्रज्ञाकडे जावे. जाण्याची वेळ मात्र महत्त्वाची: नोंदी गोळा करण्याआधी जावे. माहितीची फाईल हातात घेऊन ‘आता याचे काय करू?’ असे विचारणाऱ्याला फारशी मदत करता येत नाही. विश्लेषणासाठी एपी इन्फो आणि जामोवी ही मोफत साधने पुरेशी आहेत.

सातवी पायरी: नीतिसमितीची परवानगी

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ सालची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे हा मूळ आधार आहे. त्यांतील संमती, गोपनीयता आणि दुर्बल गट ही प्रकरणे गटाने एकत्र बसून वाचावीत. त्यांनुसार समितीत ७ ते १५ सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो आणि गणसंख्येसाठी किमान पाच सदस्य लागतात. समितीवर परिचर्या क्षेत्रातील सदस्य असावा असा आग्रह अधिसेविकांनी अवश्य धरावा.

गुणवत्ता सुधारण्यासाठी केलेली नोंद आणि संशोधन यांच्यातली रेषा पुसट असते. आपल्याच वॉर्डाची सेवा ठरलेल्या निकषाशी ताडून पाहणे हा लेखाजोखा झाला; त्यातून इतरांना लागू पडेल असे ज्ञान मिळवून ते प्रसिद्ध करायचे असेल तर ते संशोधन ठरते. तरीही अभ्यास सूट मिळण्याजोगा आहे, त्वरित तपासणीचा आहे की पूर्ण बैठकीचा, हे समितीच ठरवते; आपण आपल्या मनाने ‘यात धोका नाही’ असे ठरवून सुरुवात करू नये. प्रसिद्धीचा विचार मनात असेल तर प्रस्ताव आधीच पाठवावा, कारण काम झाल्यावर मागाहून परवानगी मिळत नाही आणि चांगली नियतकालिके ती मागतातच. रुग्णांवर एखादा उपाय करून पाहणारा अभ्यास असेल तर पहिल्या रुग्णाला घेण्याआधी भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदवहीत, म्हणजे सी.टी.आर.आय.मध्ये, त्याची नोंद करावी. ही नोंदवही २००७ पासून चालू आहे आणि नोंदणीला शुल्क नाही.

माहितीपत्रक मराठीत लिहिताना समितीच्या नमुन्याचे शब्दशः भाषांतर करू नये. ‘आपण सदर अभ्यासात ऐच्छिकरीत्या सहभागी होत आहात’ हे वाक्य खाटेवर पडलेल्या माणसाला काही सांगत नाही. ‘तुमच्या हातातली सुई आम्ही रोज जास्त वेळा तपासणार आहोत आणि ते लिहून ठेवणार आहोत. तुम्ही नको म्हणालात तरी तुमचे उपचार जसे चालू आहेत तसेच चालू राहतील’ हे कळते. कागद वॉर्डातील दोन नातेवाइकांना वाचून दाखवावा आणि त्यांनी त्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगितला की मगच तो पक्का करावा. परिचारिका किंवा विद्यार्थिनी यांच्याकडूनच माहिती घ्यायची असेल तर त्यांच्या वरिष्ठांनी संमती मागू नये, कारण इन्चार्ज सिस्टरला नाही म्हणणे सोपे नसते.

आठवी पायरी: नोंदी गोळा करणे

तक्ता एका पानाचा असावा आणि तो टी.पी.आर. शीटलाच (ताप, नाडी व श्वसन यांच्या रोजच्या नोंदीच्या कागदाला) जोडलेला असावा. वेगळी फाईल ठेवली की ती कपाटातच राहते. प्रत्येक रकान्याबद्दल विचारावे की याचे उत्तर आपण कुठे वापरणार आहोत, आणि उत्तर सांगता आले नाही तर तो रकाना काढावा. रुग्णाच्या नावाऐवजी क्रमांक वापरावा आणि क्रमांक-नावांची यादी गटप्रमुखाच्या कुलपात ठेवावी. हाताचे फोटो वैयक्तिक मोबाईलवर काढून व्हॉट्सॲप गटावर टाकण्याची सवय पहिल्याच दिवशी बंद करावी. आधी दहा रुग्णांवर तक्ता वापरून पाहावा, मग छापावा. रोज दुपारच्या ओव्हरआधी गटातील एकीने कालचे तक्ते चाळले तर राहिलेली वेळ त्याच दिवशी विचारून भरता येते. आठवड्याने विचारले तर अंदाजाने भरली जाते. जे खरोखर कळू शकत नाही ते रिकामेच ठेवावे. पाहणी झालीच नाही तर ‘झाली नाही’ असे लिहायला कोणालाही भीती वाटू नये, म्हणून या तक्त्यांवरून कुणाला मेमो दिला जाणार नाही, असे अधिसेविकांनी सुरुवातीलाच लेखी कळवावे. आपल्या उदाहरणात तर न झालेली पाहणी हाच अभ्यासाचा विषय आहे.

नववी पायरी: श्रेय आणि लेखन

लेखकांची नावे आणि क्रम प्रस्ताव लिहितानाच कागदावर ठरवावा. आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संपादक समितीचे चार निकष आहेत: आखणी, माहिती-संकलन किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा असावा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सक तपासणीत सहभाग असावा, अंतिम मसुद्याला मान्यता दिलेली असावी आणि कामाच्या सगळ्या बाजूंची जबाबदारी घेण्याची तयारी असावी. विभागप्रमुख म्हणून नाव घालण्याची प्रथा या निकषांत बसत नाही. उलट, ज्या सिस्टरनी महिनोन्‌महिने नोंदी केल्या त्यांना मसुद्यावर काम करण्याची संधीच न देता आभाराच्या ओळीत ढकलणे हेही योग्य नाही. त्यांना लेखनात बसवावे. निकष मग आपोआप पूर्ण होतात.

निष्कर्ष सर्वप्रथम वॉर्डात सांगावेत: एक आलेख, चार वाक्ये, मराठीत, ओव्हरच्या जागी लावलेला कागद. मग बदल करावा, उदाहरणार्थ रात्री दहा, दोन आणि सहा वाजता पाहणीच्या खुणेचा रकाना, आणि तीन महिन्यांनी तेच मोजमाप पुन्हा घ्यावे. लेख त्यानंतर. निरीक्षणात्मक अभ्यासासाठी स्ट्रोब आणि सुधारणा-प्रकल्पासाठी स्क्वायर ही तपासणी-सूची समोर ठेवून लिहिले की मुद्दे सुटत नाहीत. ट्रेंड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया या १९०८ साली स्थापन झालेल्या संघटनेच्या परिषदांत भित्तिपत्रक मांडणे ही चांगली पहिली संधी असते. ‘चार दिवसांत स्वीकृती’ देणाऱ्या आणि पैसे मागणाऱ्या नियतकालिकांच्या ईमेलना उत्तर देऊ नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने आपली केअर यादी (मान्य नियतकालिकांची यादी) २०२५ मध्ये बंद केली असल्याने नियतकालिकाची पारख आता ज्याची त्यालाच करावी लागते: त्यातील अलीकडचे तीन लेख वाचावेत, संपादक मंडळातील व्यक्ती खऱ्या आहेत का ते पाहावे आणि पबमेडमध्ये त्याचा समावेश आहे का ते तपासावे.

दहावी पायरी: दुसरे आवर्तन आणि बदल्या

दुसऱ्या अभ्यासाचे नेतृत्व पहिल्या गटातील अधिपरिचारिकेकडे जावे आणि गटात दोन नवे सदस्य यावेत. पीएच.डी. करू इच्छिणाऱ्यांनी याच कामातून विषय घ्यावा. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाखालील जवळच्या नर्सिंग महाविद्यालयाशी करार झाला तर तिथल्या एम.एस्सी.च्या विद्यार्थिनी वॉर्डाच्या प्रश्नवहीतून प्रबंधाचे विषय निवडू शकतात. विद्यार्थिनीला खरा प्रश्न मिळतो, वॉर्डाला दोन हात मिळतात आणि त्या कपाटात एक वेगळा प्रबंध जातो. प्रगती मोजताना प्रसिद्ध लेखांच्या संख्येकडे फार पाहू नये. ड्युटीच्या तक्त्यातील संशोधनाचे तास प्रत्यक्षात किती वेळा मिळाले, वहीत किती प्रश्न आले, किती कार्यपद्धती पुराव्यावरून बदलल्या आणि कॅप्पाची चाचणी स्वतः घेऊ शकतील अशा किती जणी तयार झाल्या, हे दर सहा महिन्यांनी लिहावे.

शासकीय सेवेत सर्वांत मोठा धोका बदलीचा असतो. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदली अधिनियमानुसार सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात होतात, त्यामुळे माहिती-संकलन त्या दोन महिन्यांत सुरू करू नये. जूनमध्ये सुरू करून मार्चपर्यंत आटोपावे. गटाची एक फाईल असावी आणि तिच्यात नीतिसमितीचे पत्र, मोजमापाचे टिपण, कोऱ्या तक्त्याचा नमुना, रकान्यांच्या अर्थाची यादी, लेखकांच्या नावांचा करार आणि अधिसेविकांचा ड्युटीविषयीचा आदेश एवढी कागदपत्रे राहावीत. बदली झालेल्या परिसेविकेने कार्यमुक्त होण्याआधी ही फाईल नव्या परिसेविकेच्या स्वाक्षरीने तिच्या ताब्यात द्यावी आणि भांडार, चाव्या व रजिस्टरांच्या हस्तांतरण-यादीतच तिची नोंद करावी.